गंज, पातेले आणि 'जय भीम' : समाजात शब्द कसा रुजतो?

धंतोलीसारख्या वस्तीत कान उघडे ठेवून तासभर हिंडले, तरी भाषाशास्त्राचा एक धडा पुरा होतो. येथील रुग्णालयांत गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांतून जसे रुग्ण येतात, तसेच छिंदवाडा आणि बालाघाटकडूनही येतात. औषधांच्या दुकानांत, चहाच्या टपऱ्यांवर, ऑटोरिक्षांत मराठी आणि हिंदी एकमेकींच्या हातात हात घालून वावरतात. "काय करून राहिला?" हा खास नागपुरी प्रश्न याच सहवासाचे अपत्य होय. पुण्याकडील माणूस "काय करतो आहेस?" असे विचारील. नागपूरकराने शब्द मराठीच ठेवले. क्रियापदाची बांधणी मात्र हिंदीतील 'कर रहा है' या वळणाची केली. असे बोलावे, असा ठराव कोणत्याही सभेत संमत झालेला नाही. कोणत्याही व्याकरणकाराने तशी आज्ञा काढलेली नाही. तरीही लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने बोलत आली आहेत.

कोणी ठरविले नसताना सर्वांचे ठरते कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी गेल्या तीस वर्षांत भाषाशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी संगणकात लहान-लहान कृत्रिम समाज वसविले. त्या समाजांत शब्द जन्माला येतात, पसरतात, भांडतात आणि मरतात. आमच्या विद्यार्थ्यांना संगणक हा विषय शिकावा लागतो, मराठीही शिकावी लागते, आणि सायंकाळच्या वंदनेत पालीचे शब्दही त्यांच्या ओठी असतात. या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात, हे दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

एका भांड्याची अनेक नावे

निवासी शाळेत नव्या सत्राच्या आरंभी निरनिराळ्या गावांची मुले एकत्र येतात, तेव्हा पहिली गंमत स्वयंपाकघरात होते. नागपूर-वर्ध्याकडचे मूल ज्या भांड्याला 'गंज' म्हणते, त्यालाच पुण्याकडे 'पातेले' म्हणतात, मराठवाड्यात 'भगोणे' आणि मुंबई-कोकणात 'टोप'. विदर्भातील 'सांबार' म्हणजे इतरत्रची कोथिंबीर. इकडच्या 'फल्ली'ला तिकडे भुईमुगाची शेंग म्हणतात. वस्तू एकच, नावे अनेक, आणि प्रत्येकाला आपलेच नाव खरे वाटते.

नेमक्या याच परिस्थितीचा विचार भगवान बुद्धांनी केलेला आहे. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात एका भांड्याचेच उदाहरण घेतले आहे. एका जनपदात त्याला 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात 'सराव', अशी सात नावे तेथे मोजून दिली आहेत. भिक्षूंना दिलेला उपदेश असा की, आपल्या जनपदातील शब्दाचा हट्ट धरून 'हेच खरे, बाकी सारे खोटे' असे म्हणू नये. त्याचबरोबर लोकांत रूढ झालेला संकेत धुडकावूनही लावू नये. जेथे जावे तेथील लोक त्या वस्तूला काय म्हणतात हे समजून घ्यावे आणि अनासक्तपणे तोच शब्द वापरावा. 'अरण' म्हणजे कलहविरहित. शब्दांवरून होणारा कलह टाळणे हा त्या उपदेशाचा हेतू आहे.

या उपदेशामागे भाषेविषयीची एक स्पष्ट समजूत आहे. शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने किंवा देवाने बांधून दिलेले नाही. ते माणसांच्या व्यवहारातून ठरते. मिलिंदपञ्हात भदंत नागसेन राजा मिलिंदाला हेच सांगतात की, 'नागसेन' हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे. आधुनिक भाषाविज्ञान या नात्याला 'यादृच्छिक' म्हणते. नाते यादृच्छिक असेल, तर मग कोणताही शब्द चालला असता. त्यांतला एकच का टिकतो? येथून पुढे संगणकाचे काम सुरू होते.

नामकरणाचा खेळ

बेल्जियमचे शास्त्रज्ञ लुक स्टील्स यांनी १९९५ च्या सुमारास 'नेमिंग गेम', म्हणजे 'नामकरणाचा खेळ', या नावाने ओळखले जाणारे प्रतिरूप मांडले. १९९९ मध्ये त्यांच्या 'टॉकिंग हेड्स' या प्रयोगात कॅमेरे जोडलेली यंत्रे फळ्यावरील रंगीत आकृत्यांकडे पाहत आणि त्यांना नावे देत एकमेकांशी 'बोलली'. पुढे आंद्रेया बारोन्केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या खेळाचे अत्यंत साधे रूप प्रसिद्ध केले. त्याचे नियम सातवीच्या विद्यार्थ्यालाही समजतील असे आहेत.

समजा, संगणकात शंभर सदस्यांचा एक समाज आहे आणि त्यांच्यासमोर एक वस्तू आहे. प्रत्येक सदस्यापाशी त्या वस्तूच्या नावांची एक यादी असते. आरंभी ती कोरी असते.

पहिला नियम : दर वेळी दोन सदस्य चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडले जातात. एक वक्ता, दुसरा श्रोता.

दुसरा नियम : वक्ता आपल्या यादीतील कोणतेही एक नाव उच्चारतो. यादी कोरी असेल, तर नवे नाव घडवितो.

तिसरा नियम : ते नाव श्रोत्याच्या यादीत नसेल, तर संवाद फसला, श्रोता ते नाव आपल्या यादीत लिहून घेतो. ते नाव यादीत असेल, तर संवाद साधला. मग दोघेही ते एकच नाव ठेवतात आणि बाकीची सर्व नावे पुसून टाकतात.

एवढेच. या समाजात राजा नाही, शिक्षक नाही, शब्दकोश नाही. संपूर्ण समाजाचे चित्र कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाला फक्त समोरचा एक दिसतो.

वहीवर खेळून पाहू

संगणकाविनाही हा खेळ समजून घेता येतो. चार विद्यार्थी घेऊ : अ, ब, क, ड. ते आपापल्या गावाहून एकेक शब्द घेऊन आले आहेत. अ-पाशी 'गंज', ब-पाशी 'पातेले', क-पाशी 'भगोणे', ड-पाशी 'टोप'. चिठ्ठ्यांनी जोड्या पुढीलप्रमाणे निघाल्या, असे मानू.

१. अ हा ब-ला म्हणतो 'गंज'. फसले. ब-ची यादी : पातेले, गंज.
२. क हा ड-ला म्हणतो 'भगोणे'. फसले. ड-ची यादी : टोप, भगोणे.
३. ब हा क-ला म्हणतो 'गंज'. फसले. क-ची यादी : भगोणे, गंज.
४. क हा अ-ला म्हणतो 'गंज'. साधले. दोघांपाशी केवळ 'गंज' उरला.
५. ड हा ब-ला म्हणतो 'भगोणे'. फसले. ब-ची यादी : पातेले, गंज, भगोणे.
६. अ हा ब-ला म्हणतो 'गंज'. साधले. ब-पाशी 'गंज' उरला.
७. क हा ड-ला म्हणतो 'गंज'. फसले. ड-ची यादी : टोप, भगोणे, गंज.
८. ब हा ड-ला म्हणतो 'गंज'. साधले. आता चौघांपाशी एकच शब्द आहे.

आठ संवादांत एकमत झाले. विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली अशी की, 'टोप' हा शब्द एकदाही उच्चारला न जाता नाहीसा झाला. तो शब्द वाईट होता म्हणून नव्हे. त्याला बोलण्याची संधीच मिळाली नाही. दुसरी गोष्ट अशी की, 'गंज' जिंकला यात त्या शब्दाचा काही विशेष गुण नाही. चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या, तर 'भगोणे' जिंकले असते. एकमत होणार हे निश्चित; कशावर होणार हे अनिश्चित. भाषेच्या इतिहासातील किती शब्द असे 'न बोलता' गेले असतील, याची कल्पना या छोट्या खेळावरून यावी.

मोठ्या समाजात काय होते? संगणकावर हजारो सदस्यांनिशी हा खेळ चालविला असता तीन अवस्था स्पष्ट दिसतात. प्रारंभी नवनवे शब्द निर्माण होतात. नंतर बराच काळ सर्वांच्या याद्या वाढत जातात, गोंधळ शिगेला पोहोचतो आणि संवाद बहुधा फसतात. त्या गोंधळातच एखादा शब्द किंचित पुढे सरकतो आणि मग अल्पावधीत सर्वत्र पसरतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा बदल अकस्मात झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची तयारी गोंधळाच्या काळात चाललेली असते. सर्व सदस्य एकमेकांना मुक्तपणे भेटत असतील, तर एकमतास लागणारे एकूण संवाद सदस्यसंख्येच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे समाज चौपट झाला की एकूण संवाद आठपट लागतात. प्रत्येक सदस्याच्या वाट्याला मात्र केवळ दुप्पट संवाद येतात. मोठ्या समाजातही समान भाषा का घडू शकते, याचे एक उत्तर या गणितात आहे.

कोण कोणास भेटतो?

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की कोणीही कोणासही भेटू शकतो. वास्तविक समाजात असे नसते. संगणकातील सदस्यांना फक्त शेजाऱ्यांशीच बोलण्याची मुभा दिली, तर शब्दांची बेटे तयार होतात. प्रत्येक बेटाच्या आत एकमत असते आणि बेटांच्या सीमांवर बेबनाव. एकमताला लागणारा काळ फार वाढतो. समाजाचे घट्ट गट पाडले आणि गटागटांमधील भेटी विरळ ठेवल्या, तर निरनिराळे शब्द दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदतात. डेमन सेंटोला आणि बारोन्केली यांनी २०१५ मध्ये हाच खेळ जिवंत माणसांकडून खेळवून घेतला. संगणकाच्या पडद्यावर एका चेहऱ्याचे चित्र दाखवून त्याला नाव सुचवायचे होते. जोडीदाराचे नाव जुळले तर मोबदला मिळे. मोजक्या शेजाऱ्यांशीच गाठ पडणाऱ्यांत वेगवेगळे प्रादेशिक संकेत तयार झाले. सर्वांशी गाठ पडणाऱ्यांत एकच संकेत सर्वत्र रूढ झाला.

आता महाराष्ट्रातील एक वास्तव उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरातील भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही तो शिकविला जातो. तेव्हा गावाची लोकसंख्या सुमारे ३००० होती. जैन आणि लिंगायत कुटुंबांची भाषा कन्नड, मुसलमानांची उर्दू, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही कुटुंबांची तेलुगू. शेतात आणि बाजारात ही सर्व माणसे शतकानुशतके एकमेकांशी बोलत होती. परिणाम असा झाला की या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली. एका भाषेतील वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरविता येऊ लागले. शब्द मात्र प्रत्येकाने आपापलेच ठेवले.

वाक्याचा साचा एक झाला आणि शब्द वेगळे राहिले, असे का? अभ्यासकांच्या मते गावातील लोक सार्वजनिक व्यवहारात मिसळत, परंतु घरे आणि नाती जातीजातींत विभागलेली होती. घरची भाषा वेगळी राखणे ही वेगळेपणाची खूण होती. आमच्या मते या उदाहरणात आपल्या समाजरचनेचे एक चित्र उमटले आहे. रोटीबेटीच्या भिंती जेथे उभ्या होत्या, तेथे शब्दांनाही भिंत ओलांडता आली नाही; कामाच्या निमित्ताने जेथे तोंडाला तोंड लागले, तेथे व्याकरणाने ती ओलांडली. धंतोलीतील 'करून राहिला' ही याच प्रक्रियेची नागपुरी आवृत्ती मानता येईल.

निश्चयी थोड्यांचे बळ

प्रतिरूपातील यानंतरचा टप्पा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, समाजात एक शब्द पूर्ण रूढ झालेला आहे. तेथे काही सदस्य असे सोडले की जे दुसराच शब्द बोलतील आणि संवाद कितीही वेळा फसला तरी आपला शब्द पुसणार नाहीत. त्यांना 'निश्चयी' सदस्य म्हणू. २०११ मध्ये अमेरिकेतील अभ्यासकांनी गणिताने दाखविले की, सर्वजण परस्परांना भेटत असतील अशा नामकरणाच्या खेळात निश्चयी सदस्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांच्या वर गेले की बहुसंख्य समाज त्वरेने नव्या शब्दाकडे वळतो. त्याखाली मात्र बदल होण्यास इतका काळ लागतो की तो होतच नाही असे म्हणावे. माणसांवर केलेल्या २०१८ च्या प्रयोगात हा उंबरठा सुमारे पंचवीस टक्क्यांचा आढळला. आकडा परिस्थितीनुसार बदलतो. उंबरठा असतो, हे मात्र दोन्हीकडे दिसते.

याचे कारण नियमांतच आहे. इतरांच्या याद्या प्रत्येक भेटीत बदलतात, निश्चयींच्या बदलत नाहीत. त्यांना भेटणाऱ्याच्या यादीत नवा शब्द एकदा तरी शिरतो. दुसऱ्या निश्चयीची गाठ पडली की तो पक्का होतो.

हे वाचताना आमच्या मनात नागपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील कामठी उभी राहते. बाबू हरदास एल. एन. यांचे ते गाव. १९०४ मध्ये जन्मलेले हरदास लक्ष्मणराव नगराळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. बिडी कामगारांत त्यांनी काम केले, १९३७ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मुसलमान बांधव भेटताच सलाम करतात आणि त्याला ठरलेले प्रत्युत्तर मिळते. तसे समतेचे अभिवादन आपल्या समाजालाही हवे, असे त्यांना वाटले, अशी आठवण सांगितली जाते. प्रारंभी 'जय भीम'ला 'बल भीम' असे उत्तर द्यावे अशी कल्पना होती, असेही सांगतात. व्यवहारात दोन्ही बाजूंनी 'जय भीम' हेच टिकले.

त्यापूर्वी काय होते? महार समाजाच्या तोंडी 'जोहार' हा शब्द होता. संत चोखोबांच्या अभंगांतही तो येतो. गावगाड्यात तो खालच्याने वरच्याला, वाकून, अंतर राखून म्हणावयाचा असे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. हाच शब्द गोंड बांधव 'सेवा जोहार' असा एकमेकांना समानतेने आणि अभिमानाने म्हणतात. ध्वनी तोच आहे. बदलले आहे ते म्हणणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नाते. म्हणून शब्दाचा मानापमान त्याच्या अक्षरांत शोधू नये, तो कोणी कोणास कोणत्या स्थितीत म्हणावयाचा यात शोधावा. 'जय भीम'चे वैशिष्ट्य हेच की त्यात वर-खाली नाही. लहानाने मोठ्यास तोच शब्द, मोठ्याने लहानास तोच.

प्रतिरूपाच्या दृष्टीने पाहिले, तर येथे सर्व घटक उपस्थित आहेत. निश्चयी कार्यकर्ते होते. प्रत्युत्तर न मिळाले तरी त्यांनी आपला शब्द सोडला नाही. दूरदूरच्या गटांना जोडणारे धागेही होते. मे १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात परिषद भरली; १९३० मध्ये आणि पुन्हा जुलै १९४२ मध्ये अखिल भारतीय परिषदा याच शहरात झाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसे एकत्र आली आणि आजही प्रतिवर्षी येतात. एरवी आपल्याच वाडीत राहणारा माणूस अशा मेळाव्यात शेकडो मैलांवरच्या माणसास भेटतो आणि एकच शब्द घेऊन घरी परततो. शेजाऱ्यापुरते बोलणारी बेटे अशा धाग्यांनीच जोडली जातात. 'विहार', 'उपासक', 'भन्ते', 'वंदना' हे शब्दही याच वाटेने घराघरांत आले.

प्रतिरूपाला न दिसणारे

येथे थांबून प्रतिरूपाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, अन्यथा विद्यार्थ्यांची समजूत चुकीची होईल. संगणकातील सदस्याला भय नसते. त्याचा संवाद फसला तर एक शब्द यादीत वाढतो, एवढेच. गावगाड्यात मात्र ठरलेला शब्द न उच्चारणाऱ्याला मार, बहिष्कार, कामावरून काढून टाकणे असे दंड होते. संगणकात चारही शब्द समान होते. 'जोहार' आणि 'जय भीम' समान नव्हते. एकात लाचारी होती, दुसऱ्यात स्वाभिमान. संगणकातील निश्चयी सदस्य निश्चयी असतो, कारण त्याच्या आज्ञावलीत तसे लिहिलेले असते. माणूस निश्चयी होतो तो विचाराने, आणि त्याची किंमत मोजून. पसरण्याची रीत प्रतिरूप सांगू शकते. पसरविण्याचे धैर्य कोठून येते, हे ते सांगत नाही. ते जाणण्यासाठी इतिहासाकडेच जावे लागते.

पिढ्यांची गाळणी आणि भाषेचा मृत्यू

शब्द रुजणे ही भाषेची अर्धी कथा झाली. व्याकरण कसे घडते? एडिंबरोचे सायमन कर्बी आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रंग, आकार आणि हालचाल यांच्या मिश्रणातून २७ चित्रे केली आणि प्रत्येकाला अर्थहीन नाव दिले. पहिल्या माणसाला त्यांतील काहीच नावे शिकविली आणि सर्व चित्रांची नावे विचारली. त्याची उत्तरे दुसऱ्याला शिकविली, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशा दहा पिढ्या केल्या. निरनिराळ्या चित्रांना एकच नाव पडू नये अशी व्यवस्था ठेवली, तेव्हा कोणाच्याही मनात नसताना नावांत व्यवस्था शिरली : नावाचा एक भाग रंग सांगू लागला, दुसरा हालचाल. शिकणाऱ्याच्या हाती भाषेचा तुटपुंजा अंश येतो आणि उरलेले तो नियमाने भरून काढतो. या गाळणीतूनच व्याकरण घडते. निकाराग्वा देशात १९७७ नंतर मानाग्वा शहरातील शाळेत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली आणि त्यांनी स्वतःची खूणभाषा निर्माण केली. मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला अधिक नेटके व्याकरण दिले. मुलांना एकत्र आणणारी शाळा भाषा घडवू शकते, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

परंतु शाळा भाषा मोडूही शकते. डॅनियल एब्रम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी २००३ मध्ये दोन भाषांच्या स्पर्धेचे गणिती प्रतिरूप मांडले. माणूस कोणत्या भाषेकडे वळतो, हे तेथे दोन गोष्टींवर ठरते : ती बोलणारे किती आहेत आणि तिला प्रतिष्ठा किती आहे. हस्तक्षेप न केल्यास अखेरीस एक भाषा नाहीशी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. कमी प्रतिष्ठेच्या भाषेचा दर्जा वेळीच उंचावला, तर ती टिकू शकते, हेही त्यातच दिसते. पुढील संशोधकांनी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा गट प्रतिरूपात घातला, तेव्हा परस्परांना जवळच्या असलेल्या भाषा एकत्र नांदू शकतात असे आढळले.

हे गणित आमच्या दारात उभे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत, तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. बुलडाणा जिल्ह्याच्या सातपुडा भागातील निहाली ही जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे न जोडता आलेली भाषा. तिचे भाषक मूठभर उरले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती भाषेची प्रतिष्ठा वाढविण्याच्या याच प्रयत्नाचा भाग मानावी लागेल.

आपण काय करावे?

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्षू बंधू भगवंतांकडे तक्रार करतात की, नाना कुळांतून, नाना प्रदेशांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवितात. तेव्हा ते छंदस् भाषेत बांधण्याची अनुज्ञा द्यावी. भगवंतांनी ती विनंती नाकारली आणि ते 'सकाय निरुत्तिया' शिकावे असे सांगितले. अट्ठकथेने त्याचा अर्थ मागधी भाषा असा लावला; अनेक आधुनिक अभ्यासक 'शिकणाऱ्याची स्वतःची बोली' असा लावतात. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते : ज्ञान थोड्यांच्याच भाषेच्या कुलपात ठेवण्यास तेथे नकार मिळाला.

हे दोन उपदेश एकत्र ठेवले, की निवासी शाळेसाठी मार्ग स्पष्ट होतो. प्रमाण मराठी प्रत्येक विद्यार्थ्यास उत्तम आली पाहिजे. परीक्षा, न्यायालय, कार्यालय, ग्रंथ यांची दारे तिने उघडतात; रूढ संकेत धुडकावण्याचे ते स्वातंत्र्य आपल्याला परवडणारे नाही. त्याच वेळी 'गंज' म्हणणाऱ्या, 'पानी' म्हणणाऱ्या, माडिया किंवा गोंडीत स्वप्न पाहणाऱ्या मुलाला हसून गप्प करणे हा धम्माचा मार्ग नव्हे. आपल्या छोट्या खेळात 'टोप' हा शब्द न उच्चारताच गेला. शब्द गेला, त्याचे एक वेळ काही नाही. पण ज्या मुलाला पहिल्या आठवड्यात हसू मिळते, ते पुढे शब्दच काय, शंकाही विचारीत नाही. शिक्षणात याहून मोठी हानी नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वर्गात एक जाड वही ठेवावी. नव्या विद्यार्थ्याने आपल्या घरातील वस्तूंची, पिकांची, नात्यांची नावे तीत लिहावी. शेजारी गावाचे नाव आणि प्रमाण मराठीतील शब्द लिहावा. गोंडी, कोरकू, हलबी बोलणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र रकाना असावा. सत्राच्या अखेरीस वरचा खेळ चिठ्ठ्या टाकून खेळावा आणि ज्यांना आज्ञावली लिहिता येते त्यांनी तो संगणकावर चालवून पाहावा : सदस्य दहाचे शंभर करावेत, गट पाडावेत, मग गटांत एखादाच धागा जोडावा, आणि काय बदलते ते नोंदवावे. अशा वहीत 'टोप' राहील. तो बोलण्यात आला नाही, तरी लिहिलेला राहील.

एके काळी आपल्या पूर्वजांना कोणता शब्द उच्चारावा हे दुसरे सांगत. त्यांनी तो शब्द टाकला आणि दुसरा निवडला. भाषा माणसांच्या भेटीतून घडते, हे संगणकाने आता गणिताने दाखविले. ती बदलताही येते, हे कामठीच्या एका तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच्या कितीतरी आधी करून दाखविले होते. आज आमच्या आवारात शिरणारे सर्वांत धाकटे मूल आणि सर्वांत ज्येष्ठ शिक्षक एकमेकांना एकाच शब्दाने अभिवादन करतात. त्या शब्दामागे किती भेटी आहेत, याचे स्मरण विद्यार्थ्यांनी ठेवावे.